दोन सिलेंडरांचा मार्च

परीक्षा जवळ आल्या की मला टू-स्ट्रोक ऑईलचा वास येतो. इतरांना म्हणे या दिवसांत आंब्याचा मोहोर जाणवतो, नव्या माठातल्या पाण्याचा वास येतो. मला जळक्या तेलाचा, निळ्या धुराचा, किंचित गोडसर वास येतो. पन्नाशी ओलांडली तरी यात काही फरक नाही. संगमनेरला ज्युनिअर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. आता परीक्षा माझी नसते. मी नुसती बाकांमधून फिरते, पुरवण्या वाटते, शेजाऱ्याच्या पेपरात डोकावणाऱ्याकडे बघून घसा खाकरते. तरी पहिली घंटा झाली की माझी उजवी मूठ आपोआप आवळते आणि मनगट खाली वळतं. पोरांना वाटतं, मॅडम चिडल्या. मॅडम खरं तर ॲक्सिलरेटर पिळत असतात.

ज्या मोटारसायकलचा हा वास, ती अजून आमच्याकडे आहे. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जुन्या सोलापुरी चादरीखाली. टाकीवर तिचं नाव आहे, पण ज्याला कळायचं त्याला ‘साडेतीनशे’ एवढं म्हटलं की कळतं, आणि ज्याला कळत नाही त्याला नाव सांगूनही उपयोग नसतो. साडेतीनशे सीसीचं इंजिन, जपानी डिझाईन, दोन सिलेंडर, दोन कार्बोरेटर, दोन सायलेन्सर. सत्तरच्या दशकात जपानात ती निघाली तेव्हा तिकडच्या मोठ्या मोटारसायकलींपुढे ही लहानखुरीच म्हणायची. आपल्याकडे ती आली ऐंशीच्या दशकात, तिकडे तिचं कौतुक ओसरल्यावर. तिकडून शाळा सोडल्याचा दाखला घेतला आणि हरियाणातल्या एका कारखान्यात पुन्हा पहिलीत नाव घातलं, असा प्रकार. पण इथे तिनं पहिल्याच दिवशी सगळा वर्ग खिशात घातला. आमच्याकडच्या गाड्यांना तेव्हा तीन नाहीतर चार गिअर असत. हिला सहा. लहानखुरी ती जपानात. आमच्या गावात, पुणतांब्यात, ती हत्तीसारखी आली.

आणि आणली कुणी, तर माझ्या वडिलांनी. अप्पा संस्कृतचे शिक्षक. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या गोदावरीच्या घाटावर पूजा सांगितलेल्या; अप्पांनी ते सोडून खडू हातात घेतला, एवढंच बंड. आवाज चढवणं माहीत नाही, चहासुद्धा बशीत ओतून दोनदा फुंकणारा माणूस. त्यांच्याकडे एक मोपेड होती, ती ते इतकी हळू चालवत की कुत्रीही मागे लागायचा कंटाळा करत. मग एका साखर कारखान्यातल्या इंजिनिअरची बदली झाली आणि त्यांची साडेतीनशे कुणी घेईना, कारण ती पेट्रोल पिते हे पंचक्रोशीला ठाऊक होतं. अप्पा ती बघायला गेले आणि तिच्यावर बसूनच परत आले. आईनं कपाळाला हात लावला. गावात म्हणू लागले, मास्तरांनी वाघ पाळला. हौसेला मोल नाही हे खरं, पण ही हौस या माणसाच्या आत इतकी वर्षं कुठे दडून बसली होती, हे मला आजही उमगलेलं नाही.

अप्पा तिला ‘द्विवचनी’ म्हणत. मराठीत एक झालं की एकदम अनेक. दोनाचं म्हणून वेगळं रूप फक्त संस्कृतात आणि या गाडीत, असं ते वर्गातही सांगत. मुलांना रूपं पाठ होत नसत पण गाडीचं सगळं पाठ होई. तिचा स्वभावच तसा होता. खालच्या गिअरांत, हळू वेगात ती अगदी सोज्वळ. कुरकुरत, धूर सोडत, घाटावरच्या म्हाताऱ्यासारखी चालायची. मग आरपीएमचा काटा एका ठरावीक खुणेपुढे गेला की आवाजच बदलायचा, पुढचं चाक हलकं व्हायचं, आणि मागे बसलेलं माणूस काही न ठरवता देवाचं नाव घ्यायचं. धावायला ती जपानी होती. थांबायला मात्र आपली. मूळ गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, तो इकडे येताना गळला आणि साधा ड्रम लागला. त्यामुळे थांबायचं कुठे हे दोन शेतं आधी ठरवावं लागे.

पण मला तिच्यातलं सगळ्यात आवडायचं ते तिचं तेल. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये तेल मिसळून द्यावं लागतं. मोपेडवाले सगळे पेट्रोल पंपावर जाऊन तेच करत. बाटलीच्या झाकणानं मापून तेल ओतायचं आणि गाडी हलवायची. या गाडीला ती भानगड नव्हती. तिची तेलाची टाकी वेगळी आणि तेल पुरवणारा छोटासा पंपही स्वतःचा. जेवढी मूठ पिळाल तेवढं तेल तो मोजून देई, जास्त नाही, कमी नाही. कुणीतरी कुठेतरी दूर बसून, आपलं तोंड न बघता, आपल्यासाठी इतका विचार करून ठेवलाय याचं मला त्या वयात फार अप्रूप वाटे.

दोन कार्बोरेटर असले की ते एका तालात उघडावे लागतात. एक आधी आणि एक नंतर उघडला तर इंजिन चरफडतं. त्यासाठी एअर फिल्टर काढायचा, दोन्ही कार्बोरेटरांच्या तोंडांत एकेक बोट घालायचं आणि दुसऱ्या कुणीतरी मूठ हळूहळू पिळायची. आतल्या झडपा दोन्ही बोटांवरून एकाच क्षणी वर सरकल्या पाहिजेत. अप्पांची बोटं जाड, आत जात नसत. माझी जात. बारावीच्या अभ्यासाच्या सुट्टीत दर रविवारी सकाळी मी अंगणात बसकण मारून ही परीक्षा द्यायचे. “डावी आधी,” मी म्हणायचे. अप्पा केबलचा नट अर्धा फेरा फिरवायचे. “आता?” “आता दोघी एकदम.” मग त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू यायचं ते मला कुठल्याही गुणपत्रिकेनं मिळवून दिलं नाही. आई आतून ओरडायची, “अहो, तिला पुस्तकाला हात लावू द्या जरा. सगळी पानं पेट्रोलनं नासलीत!”

मला ती चालवायची होती, हे आता स्पष्ट सांगून टाकते. नुसती इच्छा नव्हे, ध्यास होता. गाडी स्टँडवर, इंजिन बंद, आणि मी क्लच दाबून सहाही गिअर टाकून पाहायचे. मोपेड मी गल्लीत फिरवलेली होती. पण अप्पांना विचारायची छाती झाली नाही, आणि त्यांनी आपणहून कधी म्हटलं नाही. गावात बायका तेव्हा मागे बसत, तेही एका बाजूला पाय करून.

त्या मार्चमध्ये माझं केंद्र श्रीरामपूरला होतं. एरवी मी तिथल्या कॉलेजला आगगाडीनं जायचे, पण पेपरच्या दिवशी आगगाडीवर भरवसा कोण ठेवणार? अप्पांनी रजा टाकली आणि रोज मला सोडायचं ठरवलं. त्या सकाळी मी विसरणार नाही. गहू सोंगायला आलेला, पाटाच्या पाण्यावरून येणारी गार झुळूक, मध्येच साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास, उसाच्या ट्रॉल्यांमागे रस्त्यावर सांडलेली वाढी, उसाचे हिरवे शेंडे. पेरूच्या बागेजवळ अप्पा वेग कमी करत, कारण तिथे एक वळण फसवं होतं. मी पाठीमागे बसून त्यांच्या खांद्यावरून रस्ता बघायचे आणि मनात गिअर बदलायचे. सूत्रं पाठ करायची ती राहूनच जायची. इंग्रजीचा पेपर झाला, मराठीचा झाला. फिजिक्सच्या दिवशी मात्र घोळ झाला.

घोळ कसला, माया झाली. आदल्या दिवशी अप्पांच्या मनात आलं की पोरीच्या महत्त्वाच्या पेपराला गाडी कमी पडायला नको. आयुष्यभर मोपेड पाळलेला माणूस. त्यांनी तेलाची वेगळी टाकी तर काठोकाठ भरलीच, वर पेट्रोलमध्येही मोपेडसारखं झाकणानं मापून तेल ओतलं. आणि परीक्षा आहे म्हणून चार झाकणं वरून. लाडक्या नातवाला आजारी पडेपर्यंत तूप वाढावं तसं. अति तिथे माती.

वाटेतलं चितळी गाव मागे पडलं आणि रस्ता धुरानं भरून गेला. मागे काही दिसेना. मग एका बाजूचा आवाज गेला, मग दुसऱ्या बाजूचा. रस्त्याच्या कडेला आम्ही उभे. अप्पांनी दहा-बारा किका मारल्या. मी ओढणी कमरेला बांधली, पाना घेतला आणि दोन्ही प्लग काढले. दोन्ही तेलात न्हालेले. मी वास घेतला, टाकीचं झाकण उघडून पुन्हा वास घेतला आणि अप्पांकडे बघितलं.

“पेट्रोलमध्ये तेल घातलंत?”

“थोडंसं,” अप्पा म्हणाले. वर्गात गृहपाठ न केलेला मुलगा म्हणतो तसंच.

प्लग पुसले, काडी पेटवून तापवले, पुन्हा लावले. किकनं काही होईना. ढकलून सुरू करायची ठरली. अप्पा बसले, मी ढकलायला लागले. पाच पावलांत माझा जीव कंठाशी आला आणि गाडी जेमतेम हलली. रस्त्यावर चिटपाखरू नाही. अप्पांनी घड्याळ पाहिलं. मग ते उतरले.

“तू बस,” ते म्हणाले. “मी ढकलतो. दुसरा गिअर, मी ‘सोड’ म्हटलं की क्लच सोड. आणि ऐक, एकदा लागली की मूठ सोडू नकोस. सोडलीस की प्लग पुन्हा भिजतील.”

“मग तुम्ही कसे बसणार?”

“मी बसणार नाही,” अप्पा म्हणाले.

मला ते कळायला वेळच मिळाला नाही. ते ढकलत धावू लागले होते. पायजमा, वहाणा, घामानं चिकटलेला सदरा. “सोड!” क्लच सोडला. गाडीनं एक गचका दिला, खोकली, आणि एका सिलेंडरवर धडधडायला लागली. मी मूठ पिळली. मागून आवाज आला, “थांबू नकोस! थांबू नकोस गं!” मी थांबले नाही. वळूनही पाहिलं नाही. खरं सांगायचं तर मी अप्पांना विसरले होते.

कारण थोड्या वेळानं दुसरं सिलेंडर जागं झालं. ते शब्दांत सांगणं अवघड आहे. आतापर्यंत लंगडत असलेलं काहीतरी एकदम सरळ उभं राहिलं. तिसरा, चौथा. काटा खुणेपुढे गेला आणि हँडल माझ्या हातांना ओढू लागलं. रविवारी ज्या दोन झडपा माझ्या बोटांवरून सरकायच्या त्या आता माझ्या खाली, माझ्याच सांगण्यावरून, एकदम उघडत होत्या. मी मोठ्यानं हसत होते. फिजिक्सचा पेपर आहे हे माहीत होतं, भीतीही होती, पण आनंद भीतीपेक्षा मोठा होता. त्यानंतर मला नोकरी मिळाली, लग्न झालं, मुलगा झाला, सगळं छान झालं. पण शुद्ध, कशाचीच भेसळ नसलेला आनंद म्हणाल तर तो त्या रस्त्यावरचा.

केंद्राच्या फाटकासाठी मी ब्रेक दाबला तो दोन शेतं आधीच. तरीही गाडी शिपायाच्या खुर्चीशी जाऊन थांबली आणि बंद पडली. मुलींनी तोंडात बोटं घातली. घंटा व्हायला थोडाच अवकाश होता. हात धुतले तरी बोटं काळीच राहिली, आणि माझ्या उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर तेलाचा एक ठसा उमटला. तपासणाऱ्यांनी त्याचे गुण कापले नसावेत, पास झाले.

मागे अप्पांचं काय झालं ते मला आमच्या गावच्या रंभाजी आबांनी सांगितलं. ते उसाची ट्रॉली घेऊन त्याच रस्त्यानं येत होते. “म्या म्हनलं, मास्तर, असं उन्हात उभं का? आन् गाडी कुटं हाय? तर म्हनले, गाडी पेपरला गेली.” आबा आधी स्वतःच हसले, मग जरा गंभीर झाले. “त्येच्या म्होरं काय बोलले न्हाईत बग. ट्रॅक्टरवं बसले, पार शिरामपूरपातुर एक अक्षर न्हाई. लई मनाला लावून घेतलं मास्तरांनी.”

पेपर सुटला तेव्हा अप्पा फाटकाशी उभे होते. तोपर्यंत त्यांनी टाकी रिकामी करून साधं पेट्रोल भरलं होतं. “गेला का बरा?” एवढंच विचारलं. परत येताना मी मागे. पेरूच्या बागेपाशी ते म्हणाले, “घरी काही सांगू नकोस.” घरी आईनं विचारलं तर म्हणाले, “वेळेत सोडलं तिला. गाडीनं काही त्रास दिला नाही.” मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसले आणि मला रडू आलं. त्यांना माझी लाज वाटली असणार, मुलगी भर रस्त्यात मोटारसायकल उधळत गेली याची. असंच मी धरून चालले. पुढे पाहुण्यांना, जावयाला, नातवाला त्यांनी ती पेपरला वेळेत पोचवल्याची गोष्ट शेकडो वेळा सांगितली, आणि दरवेळी चालवणारे तेच होते. मी कधी दुरुस्त केली नाही. पण दरवेळी कुठेतरी खुपायचं. माझ्या आयुष्यातला तो एक रस्ता, आणि त्यावरून मलाच उतरवून ठेवलेलं.

आई गेल्यावर अप्पा माझ्याकडे संगमनेरला आले, गाडी टेम्पोत घालून. आता त्यांची ऐंशी जवळ आली आहे. गाडी चालवत नाहीत, पण दर रविवारी पार्किंगमध्ये जाऊन किक मला मारायला लावतात आणि दोन्ही सायलेन्सरांमागे तळवे धरून दोन्ही फुंकरा सारख्या आहेत ना ते बघतात. अशा गाड्यांची हल्ली पुन्हा चलती आहे. लोक लांबून बघायला येतात, फोटो काढतात.

या मार्चमध्ये, पेपर चालू असतानाच एका रविवारी, काष्टीहून विलासराव आले. चाळिशीचे गृहस्थ, गाईंचा मोठा गोठा. त्यांच्या चुलत्यांची साडेतीनशे शेडमध्ये पडून होती, ती उभी करायची होती. त्यांनी अप्पांना वाकून नमस्कार केला आणि थेट गाडीपाशी मांडी घातली.

“सर, ऑईलचा पंप वरिजनल हाय व्हय? लई भारी! आमच्या गाडीचा पंप हाय, पर मेस्त्री म्हनतो काडून टाका. म्हनतो, ह्यो पंप कवा दगा दील सांगता येत न्हाई, इंजान जाम करील. त्यापरीस पेट्रोलमदी ऑईल टाकत जा. तुमीच सांगा. तुमाला कदी दगा दिला का ह्या पंपानं?”

मी चहा घेऊन आले होते. उत्तर मला पाठ होतं. एकदाही नाही, फिजिक्सच्या पेपरला हिला वेळेत सोडलं, वगैरे.

अप्पांनी पंपावरची धूळ बोटानं पुसली. मग म्हणाले, “पंपानं नाही दिला. मी दिला.”

आणि सगळं सांगितलं. झाकणांचा हिशेबसुद्धा. विलासराव आ वासून ऐकत होते. “मेस्त्रीला सांगा,” अप्पा म्हणाले, “पंप स्वच्छ करा, त्याची खूण जुळवून घ्या, आणि त्याच्यावर विश्वास ठेवा. त्या दिवशी पंपाची काही चूक नव्हती. माझी अक्कल मध्ये आली. गाडी ही घेऊन गेली. हिनं चालवली, पार श्रीरामपूरपर्यंत.” त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

“ताईंनी?” विलासराव माझ्याकडे वळले. “त्या वक्ताला?”

“त्या वक्ताला,” अप्पा म्हणाले. स्वतःबद्दल पस्तीस वर्षं खोटं बोलू शकणारा माणूस, पण त्या पंपावर आळ आलेला त्यांना क्षणभर चालला नाही.

विलासराव गेले. मी कप उचलले आणि उचलूनही तिथेच उभी राहिले.

“अप्पा, तेव्हा घरी का सांगू दिलं नाहीत?”

“तुझ्या आईनं चावी लपवून ठेवली असती. पुन्हा हात लावू दिला नसता तुला.”

“आणि नंतर? इतकी वर्षं?”

“एकदा सांगितलं की तेच सांगावं लागतं,” अप्पा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “पेपर संपल्यावर मे महिनाभर चावी तुझ्या टेबलावर ठेवत होतो मी. रोज सकाळी गाडी पुसून फाटकाकडे तोंड करून लावायचो. तू मागितलीच नाहीस.”

ती चावी मला आठवली. मी रोज ती उचलून कपाटात ठेवायचे. अप्पा हल्ली विसरतात, असं मी आईला म्हणायचेही.

“मला वाटलं, तुम्हाला आवडलं नाही,” मी म्हटलं.

“मला वाटलं, तू घाबरलीस.”

एकाच घरात राहणारी, दर रविवारी एका गाडीशी बसणारी दोन शहाणी माणसं. पार्किंगमध्ये खालच्या मजल्यावरची मुलं क्रिकेट खेळत होती. मी कप जमिनीवर ठेवले आणि अप्पांपुढे हात केला.

“द्या,” म्हटलं.

अप्पांनी सदऱ्याच्या खिशातून चावी काढून माझ्या हातावर ठेवली. मग हळूच उठले, मुलांना बाजूला व्हायला सांगितलं आणि स्वतः जाऊन फाटक उघडलं.